ऊन चुकवून एक दिवस

दसऱ्याचे सोने लुटून झाले की मुंबईकरांना सहलीचे वेध लागतात. पावसाने चार महिने अडवून ठेवलेले बेत पुन्हा निघतात, मुलांची सहामाही परीक्षा संपत आलेली असते आणि पंचांगात शरद ऋतू लागलेला असतो. निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे असे या ऋतूचे वर्णन शाळेच्या पुस्तकांपासून ऐकलेले असते. प्रत्यक्षात मात्र रविवारी सकाळी दहाला घराबाहेर पडलेले कुटुंब दुपारी एक वाजता एखाद्या बुरुजावर घामाघूम होऊन सावली शोधत असते. पाण्याची बाटली संपलेली, मुले रडवेली आणि आजी-आजोबा पायरीवर बसलेले! अशी सहल फसते, तेव्हा दोष बहुधा ठिकाणाचा नसतो, तो वेळेचा असतो. मुंबईभोवतीच्या शरदातील सहलीचा बेत अंतर पाहून नव्हे, तर ऊन आणि भरती-ओहोटी पाहून आखावा लागतो.

दुसरा उन्हाळा का येतो?

मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारून ८ ऑक्टोबर केली. पूर्वी ती २९ सप्टेंबर होती. पाऊस मागे फिरला की ढगांचे छत्र जाते आणि ऊन थेट जमिनीवर पडते. पावसाळाभर समुद्रावरून वाहणारे नैऋत्येचे वारे मंदावतात. त्यांच्या जागी सकाळी जमिनीकडून तापलेली हवा येऊ लागते आणि दिलासा देणारे खारे वारे उशिरा सुरू होतात. त्यातच चार महिने भिजलेल्या जमिनीतून बाष्प वर येत राहते.

तापमान बहुतेक दिवशी ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, काही दिवशी त्याहूनही चढते. मे महिन्यातील आकड्यांशी तुलना करता ते फार वाटत नाही. परंतु शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. त्यामुळे चालणाऱ्याला, चढणाऱ्याला आकड्यापेक्षा अधिक त्रास होतो. दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग जमून गडगडाटासह परतीचा पाऊस कोसळतो, तो वेगळाच. या सर्वांचा निष्कर्ष सोपा आहे. उजाडल्यापासून अकरापर्यंत फिरावे, अकरा ते चार सावलीत घालवावे आणि मग परतावे.

दगडाची सावली

या वेळापत्रकात सर्वांत चपखल बसतात ती लेणी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा समूह शंभराहून अधिक लेण्यांचा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. काळ्या कातळात कोरलेल्या या विहारांत भर दुपारीही गारवा टिकतो. पावसाचे पाणी साठविण्यासाठी जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ खोदलेली टाकी पाहण्याची खरी वेळ हीच, कारण पाऊस नुकताच संपल्याने ती भरलेली असतात. डोंगरावर वस्ती कशी तगली असेल, याचे उत्तर त्या टाक्यांत आहे. प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यामुळे हा टप्पा सकाळीच पार करावा. आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी या उद्यानात २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली होती. त्या हिशेबाने पुढचा बहर २०३२ चा. उद्यान सोमवारी बंद असते.

घारापुरीचे मुख्य लेणेही उत्तराभिमुख व खोल असल्याने थंड असते. १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालेल्या या लेण्यातील त्रिमुखी शिवाची भव्य मूर्ती पाहण्यासाठी गेटवे ऑफ इंडियाहून तासाभराचा जलप्रवास करावा लागतो. सकाळची पहिली बोट पकडली, तर पायऱ्यांची चढण ऊन तापण्याआधी उरकते. बोटीत जीवरक्षक जॅकेट अंगावर चढविण्याचा कंटाळा करू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले होते. हे लेणेही सोमवारी बंद असते.

वसईचा किल्ला सकाळचाच

चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला मुलांना दाखविण्यास दिवाळीपूर्वीचा काळ उत्तम. अंगणात मातीचा किल्ला करण्याआधी खरा तट, खरा दरवाजा पाहिलेला बरा. मात्र पडक्या चर्चच्या कमानी वगळता येथे सावली कमी आहे. पहिल्या काही लोकलपैकी एखादी पकडून सातपर्यंत किल्ल्यात पोहोचावे आणि दहाला बाहेर पडावे. पावसानंतर गवत कमरेपर्यंत वाढलेले असते. त्यात सापांचा व न दिसणाऱ्या खड्ड्यांचा धोका असल्याने मळलेली वाट सोडू नये. परतताना बाजारात वसईची सुकेळी मिळाली, तर सहलीची गोड आठवण घरी नेता येते.

पाण्याचे गणित

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे घड्याळ उन्हाबरोबरच समुद्राच्या हाती आहे. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, भरतीला तो पाण्याने वेढला जातो. किनाऱ्यावरील जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी आणि रात्री सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. कोजागरीला दुपारी बाराला अलिबागेत उतरणाऱ्यांना म्हणूनच किल्ला दुरून पाहावा लागतो. त्यानंतरची ओहोटी येते ती सूर्यास्ताच्या तोंडावर, आणि हाच खरा सापळा. पाणी ओसरले म्हणून निघालेल्यांना परतेपर्यंत अंधार गाठतो.

याउलट चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. षष्ठीला ती साडेदहा-पावणेअकराला. चतुर्थी ते षष्ठीचा रविवार आल्यास मांडव्याची लवकरची बोट धरणाऱ्यांना कोवळ्या उन्हात चालत जाऊन परत येता येते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरते हटत नाही. तिथीचा हिशेब ढोबळ आहे, म्हणून त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे व स्थानिकांना विचारावे. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी निघावे आणि ते वळताच परतावे. दर वर्षी कोणी ना कोणी ‘अजून पाच मिनिटे’ म्हणून अडकतो.

उंचीचा आधार

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानात मुंबईपेक्षा चार-पाच अंशांनी कमी तापमान मिळते. शिवाय मोटारींना बंदी आणि झाडांची गर्द सावली असल्याने दुपारीही चालता येते. मिनी ट्रेन मात्र पावसाळ्यात नेरळ ते माथेरान धावत नाही. ती पुन्हा सुरू झाली का, याची खात्री करून निघावे. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात पक्षी पाहायचे तर सकाळी आठच्या आत. तेथील सुळक्यावर आग्यामोहळे असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळणे, हाच त्यापासून बचाव.

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांसाठी मात्र घाई नको. ते मोठ्या संख्येने येतात ते थंडी पडू लागल्यावर. लांब पल्ल्याचे गडही डिसेंबरसाठी राखून ठेवावेत.

निघण्यापूर्वी

रविवारचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे, हे आदल्या दिवशी पाहावे. माणशी किमान दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, टोपी आणि सुती कपडे बरोबर असावेत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही उन्हाच्या त्रासाची पहिली लक्षणे. अशा व्यक्तीला लगेच सावलीत बसवून पाणी द्यावे. ती असंबद्ध बोलू लागली किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर ओले कापड ठेवून वारा घालावा, तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विजा चमकू लागल्यास बुरूज, उघडे पठार व एकाकी झाड सोडून खाली उतरावे.

पहाटे पाचचा गजर सुटीच्या दिवशी जिवावर येतो, हे खरे. परंतु तो लावणारे कुटुंब दुपारच्या जेवणाला घरी किंवा निदान सावलीत पोहोचलेले असते. आणि संध्याकाळी गच्चीवर चांदणे पाहण्याइतके त्राणही त्याच्यात उरलेले असते.