फोडणीआधीचा खाऊ : ज्वारीच्या पिठातून कुत्र्यासाठी घरगुती बिस्किटे

शेगाव - संत गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला वऱ्हाडात ठिकठिकाणी जो प्रसाद वाढला जातो, त्यात ज्वारीची भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची असते. पंगत उठली की उरलेसुरले दारातल्या कुत्र्यापुढे टाकले जाते. भूतदया म्हणून ते योग्यच. पण या ताटातील एकच पदार्थ कुत्र्याच्या खऱ्या उपयोगाचा आहे आणि तो म्हणजे कोरडी भाकरी. कांदा-लसणाच्या फोडणीचा झुणका त्याच्या रक्ताला बाधतो आणि मिरचीने पोट बिघडते. माणसाच्या जिभेला जे रुचते, तेच नेमके कुत्र्याला सोसत नाही, हे अनेक श्वानप्रेमी घरांतही ठाऊक नसते.

पाळीव कुत्र्यांसाठी बाजारात आता हाडाच्या आकाराची, रंगीबेरंगी बिस्किटे मिळतात. त्यांची किंमत पाहून किंवा त्यातील घटकांविषयी शंका येऊन अनेक जण घरीच काही करता येईल का, असे विचारू लागले आहेत. ते करता येते, आणि त्यासाठी वऱ्हाडातल्या स्वयंपाकघराबाहेर जावे लागत नाही. ज्वारीचे पीठ, थोडी कणिक, एक अंडे आणि कोहळ्याची फोड एवढे साहित्य पुरते. अवघड भाग कृतीचा नाही, काय घालायचे नाही हे लक्षात ठेवण्याचा आहे.

कुत्र्याला धान्य पचते का?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज, मग त्याला भाकरी कशी चालेल, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे विकर तयार करण्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यात मात्र ही संख्या चारपासून तीसपर्यंत आढळली. माणसाच्या वस्तीजवळ राहून, त्याच्या उष्ट्यावर पोसला जात कुत्रा धान्य पचवायला शिकला, असा या संशोधनाचा मथितार्थ.

आपल्या परंपरेने ही सोयरीक केव्हाच मान्य केली आहे. श्राद्धाच्या पंचबळीत गाय आणि कावळ्याबरोबर श्वानाचाही वाटा असतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे 'कोरडी खाऊ नकोस' म्हणत तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची कथा मराठी मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. (तुपाचे प्रमाण मात्र आजचे पशुवैद्यक चमचाभराच्या आतच ठेवायला सांगतील.)

कुत्र्यासाठी खास भाजलेले बिस्किट ही कल्पना तशी अलीकडची. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन उद्योजकाने १८६०च्या सुमारास लंडनमध्ये गव्हाचे पीठ, भाज्या आणि मांस यांपासून केलेले 'डॉग केक' विकायला सुरुवात केली. त्याच्याच कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्ट याने १८९१ मध्ये आपल्या नावाचे श्वानप्रदर्शन भरविले. ते आजही भरते. अमेरिकेत १९०८ मध्ये हाडाच्या आकाराचे बिस्किट आले आणि तो आकार जगभर रूढ झाला. या व्यवसायाला मोठा धक्का बसला तो २००७ मध्ये. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइनची भेसळ निघाली, उत्तर अमेरिकेत असंख्य कुत्री-मांजरे मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली आणि खाद्याचे कोट्यवधी डबे व पाकिटे परत मागवावी लागली. घरी खाऊ करण्याकडे अनेकांचा कल वळला त्याला ही पार्श्वभूमी होती.

कृती साधी, भाजणी सावकाश

दोन वाट्या ज्वारीचे पीठ आणि एक वाटी कणिक एकत्र करावी. केवळ ज्वारीचे बिस्किट भुगा होऊन पडते, कारण ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकरीसाठी पीठ गरम पाण्यात मळतात ते याचसाठी. इथे ते काम कणिक आणि अंडे करते. त्यात एक अंडे फेटून घालावे आणि वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, म्हणजे वऱ्हाडात ज्याला कोहळे म्हणतात तो, अर्धी वाटी मिसळावा. हवे तर एक लहान चमचा तेल. मीठ नाही, साखर-गूळ नाही, खाण्याचा सोडाही नाही. कुत्र्याचे बिस्किट फुगावे लागत नाही. उलट ते दाताखाली कडक लागावे हीच अपेक्षा असते. अंडे न आणणाऱ्या घरात एक चमचा जवस दळून तीन चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजत ठेवावा. तो चिकट झाला की अंड्याच्या जागी चालतो.

भोपळ्यातल्या पाण्यावरच गोळा घट्ट मळला जातो. लागलेच तर चमचा-चमचा पाणी घालावे. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून बाटलीच्या झाकणाने किंवा सुरीने तुकडे पाडावेत आणि काट्याने टोचावेत, म्हणजे आतली वाफ बाहेर पडते. ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर आधीच तापवून तुकडे पंचवीस ते तीस मिनिटे भाजावेत. नंतर ओव्हन बंद करून बिस्किटे आतच तासभर राहू द्यावीत. ही शेवटची पायरी बहुतेक जण घाईत वगळतात आणि चौथ्या दिवशी डब्यात बुरशी दिसली की पिठाला दोष देतात.

ओव्हन नसेल तर शिटी आणि रबरी रिंग काढलेला कुकर घ्यावा. तळाशी मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर जाळी, जाळीवर ताटली. दहा मिनिटे तापवून मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. दिवाळीत नानकटाईचे साहित्य घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाण्याची पद्धत अनेक गावांत होती. त्याच भट्टीत हाही ट्रे जाऊ शकतो, फक्त तो स्वतंत्र असावा. मनुके किंवा चॉकलेट लागलेला नसावा.

नीट वाळलेले बिस्किट मोडताना 'कट्' असा आवाज येतो. वाकले तर ओलावा शिल्लक आहे असे समजावे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हा ओलावा उन्हानेही जातो, कुरडयांसारखेच वर पातळ कापड टाकावे आणि कावळ्यांवर लक्ष ठेवावे. कोरडी बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात साधारण दोन आठवडे टिकतात. पावसाळ्यात मात्र ती फ्रीजमध्येच ठेवावीत आणि आठवडाभरात संपवावीत.

शेंगदाण्याचे कूट घालण्याचा मोह अनेकांना होतो. बिनमिठाचे, ताज्या दाण्याचे चमचाभर कूट चालते. पण खवट किंवा काळपट दाणे 'आपल्याला नको, कुत्र्याला चालतील' म्हणून वापरणे धोक्याचे आहे. दाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतले अफलाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते, आणि कुत्रा त्याला विशेष बळी पडतो. २००५ मध्ये अमेरिकेत अशाच दूषित मक्याच्या खाद्याने अनेक कुत्री मेली. माणसाच्या खाण्यालायक नाही ते धान्य कुत्र्याच्याही लायक नाही.

चिंच, मनुका आणि कांदा

कांदा आणि लसणातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. पेशी फुटू लागतात, हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर होते, कुत्रा थकून पडून राहतो. एका कुत्र्याच्या वजनामागे किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात बदल घडवितो, असे पशुवैद्यकीय साहित्यात नोंदले आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम. एखाद्या पाकळीने लगेच काही होत नाही; परंतु रोज थोडा-थोडा झुणका आणि रस्सा खाणाऱ्या कुत्र्यात हे नुकसान साठत जाते. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवून पूड केल्याने ही संयुगे नाहीशी होत नाहीत. लसूण तर वजनास वजन कांद्याहूनही तीव्र.

मनुका आणि बेदाण्यांचा धोका वेगळा. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि प्रसादाचा द्रोण कुत्र्यापुढे ठेवण्यात कोणाला वावगे वाटत नाही. द्राक्षाने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे वीस-पंचवीस वर्षांपासून माहीत होते; कारण मात्र सापडत नव्हते. कोणाला मूठभर द्राक्षे पचत, कोणी थोडक्या मनुक्यांनी आजारी पडे. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशू विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले. 'क्रीम ऑफ टार्टर' ही बेकरीतली भुकटी खाल्लेल्या कुत्र्यांत हुबेहूब तीच लक्षणे दिसली होती. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आणखी एका पदार्थाचे नाव आले, ते म्हणजे चिंच.

मराठी घरांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची. द्राक्षाची चर्चा इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आली. चिंचेची फारशी आली नाही. टार्टारिक आम्लाचे प्रमाण चिंचेत द्राक्षाहून कितीतरी अधिक असते. आमटी-भात, चिंच-गुळाची भाजी, भेळेची चटणी हे सारे पदार्थ त्यामुळे कुत्र्याच्या ताटाबाहेर राहिले पाहिजेत.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याचे शरीर फार सावकाश निचरा करते. चॉकलेट जितके काळे तितके घातक. 'शुगर-फ्री' च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा गोडवा असतो. तो पोटात जाताच कुत्र्याचे इन्शुलिन उसळते, रक्तातली साखर कोसळते आणि पुढे यकृतही धोक्यात येते. मधुमेही आजोबांसाठी आणलेला डबा वापरण्यापूर्वी त्यावरील घटक वाचावेत. पुरणातले आणि नानकटाईतले जायफळही टाळलेले बरे.

उपाय एका वाक्यात सांगता येतो. भात, डाळ, भाजी शिजली की फोडणी, मीठ आणि चिंच पडण्याआधी कुत्र्याचा वाटा वेगळा काढावा. बेचव लागेल ही चिंता आपली असते. माणसाच्या जिभेवर सुमारे नऊ हजार रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर जेमतेम सतराशे. तो खातो नाकाने, आणि भाजलेल्या ज्वारीचा खरपूस वास त्याला पुरेसा असतो.

दिवसाला किती?

वरचा खाऊ दिवसभरातील एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य दंडक आहे. दहा किलोच्या निरोगी प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. वरच्या कृतीत दहा-दहा ग्रॅमची तीस-बत्तीस बिस्किटे होतात आणि प्रत्येकात सुमारे ३७ किलोकॅलरी असतात. म्हणजे अशा कुत्र्याला दीड बिस्किट पुरे. पाच किलोच्या पॉमेरेनियनला एक, वीस किलोच्या देशी कुत्र्याला तीन आणि तीस किलोच्या लॅब्राडॉरला चार. लॅब्राडॉर पाचवे मागणारच. बिस्किटांचे लहान तुकडे करून ठेवले, तर मागणी चार वेळा पुरविता येते आणि हिशेबही बिघडत नाही.

ही बिस्किटे म्हणजे जेवण नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतील ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते. पूर्ण आहार घरीच शिजवायचा असेल तर पशुवैद्यकाकडून तक्ता करून घ्यावा. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा स्वादुपिंडाची सूज असलेल्या कुत्र्याला बिस्किट देण्यापूर्वीही विचारणे आवश्यक.

स्वादुपिंडाचा विषय शेगावात टाळता येत नाही, कारण येथील कचोरी. मैद्याचे आवरण, मुगाच्या डाळीचे तिखट सारण आणि वर तळणीचे तेल. गाडीतून उतरलेला प्रवासी अर्धी कचोरी खाऊन उरलेली मायेने कुत्र्यापुढे टाकतो. एवढ्या तेलकट खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला अचानक सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, पोट आखडणे, पाठ वाकवून उभे राहणे ही तिची लक्षणे.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी नियमही लक्षात घ्यावेत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार अन्न देण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर ठरवावी लागते आणि नंतर ती स्वच्छही करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलविण्याचे आदेश दिले. फलाटावर कचोरी टाकण्याचा प्रश्न त्यामुळे केवळ आहाराचा उरलेला नाही.

कुत्र्याने मनुका, चिंच, चॉकलेट किंवा झायलिटॉलचा पदार्थ खाल्लाच, तर लक्षणांची वाट पाहू नये. मनुका-चिंचेच्या विषबाधेत उलट्या पहिल्या दिवसात होतात, पण लघवी बंद होणे एक ते तीन दिवसांनी दिसते, आणि तोवर उपचार अवघड झालेले असतात. मिठाचे पाणी पाजून घरीच उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. त्या मिठाचीच बाधा होते. तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था शेगावपासून जवळच, अकोल्यात आहे. निघताना कुत्र्याचे वजन, काय खाल्ले, किती आणि किती वाजता, एवढे कागदावर लिहून घ्यावे; पाकीट उरले असेल तर तेही सोबत न्यावे.