हरून आलेल्या पोरीला काय विचारायचं?

नागपुरात २००१ साली क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुलं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांच्या हाती खरा फुटबॉल दिला. आधी विश्वास, मग सराव.

चांगला प्रशिक्षक ‘जिंकूनच ये’ म्हणत नाही, ‘पास वेळेवर दे’ म्हणतो. कारण निकाल आपल्या हातात नसतो, पास असतो. चूक बाजूला घेऊन सांगतो, शाबासकी चारचौघांत देतो.

आपल्या मुळशीतली पोर कबड्डीत हरून आली की एका टोमण्यानं तिचा खेळ सुटू शकतो. म्हणून आम्ही म्हणतो, ‘किती गुणांनी हरलीस?’ नको, ‘आज कोणती पकड जमली?’ असं विचारूया.