बायोटिन : घरचें आणि विकतचें

केसांस तकाकी, नखांस बळकटी व कांतीस तेज आणणारें द्रव्य म्हणून बायोटिनच्या गोळ्यांच्या जाहिराती हल्लीं खेड्यापाड्यांतही पोहोंचल्या आहेत. घरचीं अंडीं व शेंगा बाजारांत विकावयाच्या आणि त्याच पैशांची डबी घरीं आणावयाची, असा उलटा व्यवहार शेतकरी कुटुंबांत होऊं नये, एवढ्याकरितां या द्रव्याची थोडी हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

बायोटिन हें 'ब' वर्गांतील जीवनसत्त्व होय. अन्नापासून शक्ति व चरबी तयार करण्याच्या कामीं शरीरांतील पांच एन्झाइमांस त्याची गरज लागते. त्याचा शोध अंड्यावरूनच लागला. लंडन येथें मार्गारेट बोआस या विदुषींनीं १९२७ सालीं दाखविलें कीं, अंड्याचा कच्चा पांढरा भाग उंदरांस सतत चारला असतां त्यांची कातडी बिघडते व केस झडतात. मात्र यकृतासारख्या कांहीं पदार्थांत त्यावर उतारा असतो. १९३६ सालीं कोग्ल व टोनिस यांनीं सुमारें २५० किलो वाळविलेल्या पिवळ्या बलकांतून अवघें एक मिलिग्रॅमच्या आसपास शुद्ध बायोटिन काढलें. हाच तो उतारा, हें १९४० सालीं पॉल ग्यॉर्गी व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलें.

पांढऱ्या भागांतील अॅव्हिडिन नांवाचें प्रथिन बायोटिनास घट्ट धरून ठेवतें व तें अंगीं लागूं देत नाहीं. अंडें नीट शिजविलें म्हणजे ही पकड सुटते. सबब रोज पुष्कळ कच्चीं अंडीं पिणाऱ्या तालीमबाज तरुणांनीं तीं उकडून खावीं, हें उत्तम.

प्रौढ मनुष्यास दररोज सुमारें ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसें मानितात. एका शिजविलेल्या अंड्यांत त्यांतील सुमारें १० असतें. शाकाहारी घरांत शेंगदाणे, रताळीं व कडधान्यें यांतून तें मिळतें. त्यामुळें साधा चौरस आहार घेणाऱ्यास त्याची उणीव क्वचितच भासते. आणि उणीव नसतां गोळ्यांनीं केस वाढतात, यास भक्कम पुरावा नाहीं. केस गळण्याचीं कारणें लोहाची कमतरता, थायरॉइडचा विकार, बाळंतपण, ताप अशीं अनेक असतात. तीं वैद्याकडून तपासून घ्यावीं. जन्मजात विकार असलेलीं कांहीं बालकें व फेफऱ्यावरील कांहीं औषधें दीर्घकाळ घेणारे रोगी यांची गोष्ट निराळी. त्यांनीं डॉक्टरांचा सल्ला मानावा.

जनावरांचाही विचार करावा. गाईच्या पोटांतील सूक्ष्म जंतु बायोटिन तयार करितात. तथापि भरपूर दूध देणाऱ्या गाईंस रोज २० मिलिग्रॅम दिल्यास खुरांची बळकटी वाढते, असें प्रयोगांत आढळलें आहे. पण खुराची वाढ सावकाश होत असल्यामुळें गुण दिसण्यास कांहीं महिने लागतात. कोंबड्यांस गव्हांतील बायोटिन फारसें लाभत नाहीं, मक्यांतील लाभतें. तळव्यांस भेगा पडल्यास आधीं खुराड्यांतील ओला बिछाना बदलावा. ओलीनेंही तोच विकार होतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाजारांतील कांहीं गोळ्यांत १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून अधिक बायोटिन असतें. एवढ्या मात्रेनें रक्ताच्या कांहीं तपासण्यांचे आंकडे चुकतात. हृदयविकाराच्या झटक्याची खूण दाखविणारी ट्रोपोनिनची तपासणी त्यांतलीच. तिचा आंकडा फसवा कमी येऊं शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१७ सालीं याविषयीं जाहीर इशारा दिला व अशा चुकीच्या आंकड्यानंतर दगावलेल्या एका रोग्याचा उल्लेख केला. थायरॉइडच्या तपासण्याही अशाच फसतात.

याकरितां आमची शेतकरी बंधुभगिनींस विनंति अशी कीं, रक्त देण्यापूर्वीं, आणि विशेषतः छातींत दुखूं लागून दवाखान्यांत जातांना, आपण बायोटिन घेत असल्यास तें आधीं सांगावें. मोठ्या आजाराची खूण तपासणींतून निसटूं न देणें, हें केसांच्या तकाकीहून फार मोलाचें आहे. बाकी अंगास लागणारें बायोटिन खुराड्यांत व शेंगेच्या वाफ्यांत आहेच. तें आधीं आपल्या पोरांच्या ताटांत पडूं द्यावें आणि उरेल तें बाजारांत न्यावें.