आपल्या तळ्यातील लिली : ओळख आणि निगा

परळ-लालबागच्या दाट वस्तीत आपल्या शाळेच्या अंगणात एक लहानसे तळे आहे, हे माजी विद्यार्थ्यांस सांगावयास नको. गेल्या दोन पावसाळ्यांत या तळ्यावर लिलीच्या पानांचे असे आच्छादन पसरले की पाणी दिसेनासे झाले. एका पहाटे काही मासे पृष्ठभागावर मरून पडलेले आढळले. त्यानंतरच्या पालकसभेत तळे बुजविण्याची सूचना आली. डासांची भीती लक्षात घेता ती अवाजवी नव्हती. तळ्याची देखभाल करणाऱ्या आम्ही मंडळींनी एका वर्षाची मुदत मागून घेतली. त्या वर्षात जे समजले ते येथे मांडीत आहोत.

तळी बुजविण्याचा मार्ग मुंबईस नवा नाही. गवालिया टँक, धोबीतलाव, सी. पी. टँक ही नावे उरली, तळी गेली. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली मुंबईतील मलेरियाच्या कारणांचा अहवाल दिला आणि त्यानंतर शहरातील अनेक विहिरी झाकल्या वा बुजविल्या गेल्या. साठलेले पाणी दुर्लक्षिले तर रोगास निमंत्रण मिळते, हे खरेच. म्हणून आपले तळे राखावयाचे असेल तर ते नीट राखले पाहिजे, आणि त्यासाठी प्रथम त्यात काय वाढले आहे ते ओळखले पाहिजे.

आपण सारे या वनस्पतीस सरसकट ‘कमळ’ म्हणत आलो. वस्तुतः कमळ आणि लिली ही निराळी कुळे आहेत. कमळाचे पान अखंड गोल असते, देठ त्याच्या मध्यभागी खालून जोडलेला असतो, आणि जुनी पाने व फुले पाण्याच्या बरीच वर उभी राहतात. त्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. लिलीचे, म्हणजे कुमुद वा उत्पलाचे पान पाण्यावर तरंगते आणि त्यास कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. पाली वाङ्मयात उप्पल, पदुम आणि पुंडरीक अशी तीन नावे एकत्र येतात. त्यांतील उप्पल म्हणजे लिली. पदुम व पुंडरीक ही कमळे. आयाचन सुत्तात पाण्याच्या आत राहणारी, पाण्याच्या पातळीस आलेली आणि पाण्याबाहेर उभी राहिलेली फुले वर्णिली आहेत. ज्यांनी हे लिहून ठेवले त्यांनी तळे बारकाईने पाहिले होते, यात शंका नाही.

पुढचा प्रश्न असा की कोणती लिली पसरते? निळी देशी लिली दिवसा फुलते, तर लाल वा पांढरी, दातेरी पानांची लिली रात्री उमलते. या दोन्हींचे कंद बहुधा आपल्या जागी राहतात. त्यांची रोपे बियांपासून इकडेतिकडे उगवतात, पण सावकाश. काही संकरित लिलींच्या पानावर, देठाच्या जोडापाशीच, नवे रोप फुटते. पान कुजले की ते रोप सुटून वाहत जाते. मूळची मेक्सिको व दक्षिण अमेरिकी संयुक्त संस्थानांतील पिवळी लिली, निम्फिया मेक्सिकाना, सर्वांत धावती. ती चिखलातून लांब धावते कोंब सोडते आणि त्यांच्या टोकांशी केळ्यांच्या लहान फण्यांसारखे कंद धरते. दक्षिण आफ्रिकेत ती उपद्रवी वनस्पती ठरली आहे. आमच्या तळ्यात हीच निघाली. कोणीतरी प्रेमाने आणलेल्या एका कुंडीतून ती तळाच्या गाळात उतरली होती.

आणखी दोन वनस्पतींशी गल्लत होते. कासच्या पठाराजवळील तळ्यात फुलणारी कुमुदिनी लहान, झालरीच्या पाकळ्यांची, पांढरी असून मध्ये पिवळी असते. तिचे पान लिलीसारखे दिसले तरी फुले पानाच्या खालून, देठाजवळून झुबक्याने येतात. जांभळ्या तुऱ्यांची जलपर्णी तर लिलीच नव्हे. तिचे देठ फुगीर असतात आणि ती सुटी तरंगते. पवई तलावातून ती काढण्यासाठी महापालिकेस यंत्रे लावावी लागतात. ती तळ्यात दिसताच सारी उचलावी.

मासे का मेले? पानांचे छत दाट झाले की खालच्या पाणवनस्पतींस उजेड मिळत नाही आणि हवेचा पाण्याशी संपर्क घटतो. कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायू वापरतात. रात्रभर तो घटत जाऊन पहाटे सर्वांत कमी उरतो. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे अशा वेळी मरतात. जे जगतात त्यांनाही दाट पानांत अळ्यांपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता, झाकलेल्या पाण्याचा होता.

उपाय कष्टाचे आहेत, पण अवघड नाहीत. पावसाळ्यापूर्वी, पाणी कमी असताना, आम्ही गाळात हात घालून धावते कोंब व कंद मुळासकट काढले. नुसती पाने तोडल्यास कंद पुन्हा फुटतो. सारे एकाच दिवशी उपसले नाही. तळ्याचे तीन भाग करून काही आठवड्यांच्या अंतराने काम केले, कारण एकदम उघड्या पडलेल्या पाण्यात शेवाळ माजते. काढलेला पाला दिवसभर काठावर ठेवला, म्हणजे त्यातील गोगलगाई व बेडकांची पिल्ले पाण्यात परत जातात. नंतर तो उन्हात पुरता वाळवून खतात घातला. नाला, विहीर वा दुसऱ्या तलावात तो कधीही टाकू नये. उपद्रव तसाच पसरतो. तणनाशकही वापरू नये. एकदम मेलेली पाने कुजून पुन्हा प्राणवायूच खातात.

राखलेली निळी लिली आता चिकणमाती भरलेल्या रुंद कुंड्यांत, वर खडीचा थर देऊन, तळाशी ठेवली आहे. पिवळी पडलेली पाने दर आठवड्यास देठाच्या बुडापासून कापली जातात. कुंडीबाहेर काही धावत नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहिले जाते. निम्मे पाणी उघडे राहिलेच पाहिजे, हा आमचा नियम आहे.

एक विनंती मात्र सर्वांस आहे. वंदनेची वाहिलेली फुले, उरलेला भात किंवा साबणाचे पाणी तळ्यात जाऊ देऊ नये. त्यातूनच लिलीस व शेवाळास अमाप पोषण मिळते. दादरच्या फुलबाजारातून आणलेली फुले वंदनेनंतर खताच्या खड्ड्यात द्यावीत. ती पुढे बागेच्याच कामी येतात. भेट म्हणून नवी पाणवनस्पती आणणार असाल, तर आधी आम्हांस विचारावे.

मुदतीचे वर्ष संपले तेव्हा तळे बुजविण्याचा विषय पालकसभेत पुन्हा निघाला नाही. सातवी-आठवीच्या मुलांची एक तुकडी आता दर रविवारी काठावर बसून पाने मोजते आणि अळ्या पाहते. पहाटे वंदनेस जाताना मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत नाहीत ना, हेही तीच पाहते. पुढील भेटीत आपण सकाळी आलात, तर त्यांच्याकडून लिली आणि कमळ यांतील फरक अवश्य ऐकावा.