मार गळ्याला, खोकला महिनोन्‌महिने

शारजाच्या मैदानावर खेळताना चेंडू गळ्यावर आदळतो, किंवा अपघातात सीटबेल्ट गळ्यात रुततो. दुखणं चार दिवसांत थांबतं. आवाज मात्र घोगराच राहतो आणि कोरडा खोकला पाठ सोडत नाही. मग हळद-मिठाच्या गुळण्या सुरू होतात. पण गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही (पोहोचलं तर ठसकाच लागेल).

कंठमण्याच्या मागे, कूर्चेच्या पेटीत दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते पुरुषांत सेकंदाला सुमारे 100 ते 120 वेळा, तर स्त्रियांत 200च्या आसपास एकमेकांवर आपटतात. मारामुळे सूज आली, रक्त साकळलं किंवा व्रण राहिला, की त्यांच्या कडा नीट जुळत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि आवाज फाटतो.

कधी दोष मज्जातंतूत असतो. स्वरतंतू हलवणारी डावी नस मेंदूकडून येताना स्वरयंत्र ओलांडून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर येते. जिराफात हा उलटा प्रवास काही मीटरचा होतो! ती दुखावली की त्या बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो. मग पाणी पिताना थेंब श्वासनलिकेत जातात आणि खोकला येतो.

दुसरा खोकला जास्त चिवट. इथे संवेदना नेणारी नस दुखावून अतिजागरूक झालेली असते. एसीचा झोत, बखूरचा धूर, अगदी फोनवरचं बोलणंही तिला पुरतं. शिवाय प्रत्येक ढास स्वरतंतूंना पुन्हा आपटते. सतत खाकरण्यानंही तेच होतं, आणि ही सवय आपल्याकडे भलतीच लाडकी आहे.

1854 साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. आज तेच काम नाकातून घातलेला बारीक कॅमेरा काही मिनिटांत करतो. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ही तपासणी करून घ्यावी. नुसतं खोकल्याचं औषध पीत राहू नये. मारानंतर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेची त्वचा दाबल्यावर करकरली, तर थांबू नका, 998ला फोन करा.

उपचार कारणानुसार ठरतात. निखळलेली कूर्चा लवकर बसवावी लागते. नस सावरायला अनेक महिने लागू शकतात. तोवर हलेनाशा स्वरतंतूत इंजेक्शननं भराव घालून फट बुजवता येते. चिवट खोकल्यात स्पीच थेरपिस्ट ढास दाबायला आणि वेगळा श्वास घ्यायला शिकवतात.

आवाज पूर्वीसारखा होईलच असं नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज मारानं नव्हे, अतिगायनानं गेला होता आणि परतला तो बदलूनच. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी बांधली. पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ती रुजली. आज आपण तिला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो.