‘पडूनच आहेस, तर वाचून काढ!’

ताईचा केमोचा दुसरा डोस झाला तेव्हा तिच्या उशाशी सात पुस्तकं जमली होती. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच सांगायचं, ‘आता कसली घाई नाही, निवांत वाच.’ ताईने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे ते सगळ्यांना पटायचंही. एका दुपारी मी खोलीत गेले तर कादंबरी छातीवर पालथी आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘हेच पान चौथ्यांदा वाचतेय गं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते.’ मी म्हटलं, ‘जरा मन लाव, होईल.’ ते बोलायला नको होतं, हे मला उशिरा कळलं.

‘मन लावलं की लक्ष लागतं’ हा गैरसमज मी त्यानंतर इतक्या घरांत ऐकलाय की आता राग येतो. लक्ष न लागणं हा आळस नाही आणि खचलेपणाही नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाचे ५८१ रुग्ण आणि कर्करोग नसलेल्या ३६४ व्यक्तींची तुलना केली. २०१७ साली ती ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आली. केमो संपून सहा महिने झाले तरी, उपचारांआधीच्या मानाने स्मरण-एकाग्रता ठळकपणे घसरल्याचं ३६.५ टक्के रुग्णांनी नोंदवलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण १३.६ टक्के होतं. नुसत्या शस्त्रक्रियेचंही तसंच. ‘लॅन्सेट’मधल्या १९९८च्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या १२१८ रुग्णांपैकी सुमारे २६ टक्क्यांची विचारशक्ती आठवड्यानंतरही मंदावलेली होती, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांची. त्यात रक्त कमी झालेलं, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची गुंगी, उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडने उडालेली झोप. अशा माणसाला ‘मन लाव’ म्हणणं म्हणजे प्लास्टरमधल्या पायाला ‘जरा पळ’ म्हणणं.

मग करायचं काय? याचं उत्तर शेजारच्या काकूंनी दिलं. त्यांनी डबाभर कापूस आणून दिला आणि म्हणाल्या, ‘श्रावणासाठी फुलवाती हव्यात, जमतील तेवढ्या कर.’ कापसाचा पुंजका मोकळा करायचा, मधोमध चिमटीत धरून वर ओढायचा, बोट दुधात जरासं बुडवून टोकाला पीळ द्यायचा. एक वात झाली की झाली. पुढची करताना मागची आठवावी लागत नाही आणि मध्येच डोळा लागला तरी काही बिघडत नाही. वाचताना मात्र मागचं वाक्य डोक्यात धरूनच पुढचं वाचावं लागतं, आणि नेमकी तीच ताकद या दिवसांत कमी झालेली असते. विरंगुळा निवडताना एवढंच पाहावं, की तो कुठेही सोडता येतो का. मटार सोलणं, मोठ्या चौकटीचं चित्र रंगवणं, दहादा पाहिलेला सिनेमा, रेडिओवरची पाठ असलेली गाणी हे सगळं चालतं. ओळखीचं असलं की आणखी बरं, कथा कळण्यासाठी धडपडावं लागत नाही.

गाणी ऐकणं म्हणजे वेळ वाया, असं म्हणणाऱ्यांसाठी: ७३ चाचण्या एकत्र तपासून ‘लॅन्सेट’ने २०१५ साली छापलंय की शस्त्रक्रियेच्या रुग्णांची वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज संगीताने कमी होते.

खिडकीत नुसतं बसूनही काहीतरी होतं. पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये मांडल्या. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. पलंग फिरवायला पैसे पडत नाहीत.

सुडोकूने मेंदू लवकर ताळ्यावर येतो? आवड असेल तर सोडवा, औषध म्हणून कोणावर लादू नका. एक कोडं अडलं तर दिवस खराब जातो.

विणकाम सगळ्यांनाच सोपं जातं असंही नाही. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने बोटं बधिर होतात. प्लेटलेट्स कमी असतील तर सुई, कात्री दूरच ठेवावी.

कुंड्यांची माती मात्र खरंच टाळावी, विशेषतः पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना, कारण मातीत बुरशी असते. झाडाकडे बघत बसायला हरकत नाही.

आणि ‘हे कायमचंच’ ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही, हळूहळू फरक पडतो. पण माणूस एकाएकी भ्रमल्यासारखं बोलू लागलं, ओळख विसरलं किंवा ताप आला, तर ‘औषधाची गुंगी असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा.