अस्वलाला आधी चाहूल द्या

बामणोलीहून सुटलेली लाँच शिवसागर जलाशय ओलांडून पलीकडे लागली, की वासोट्याची वाट धरण्याआधी वनखात्याच्या चौकीवर नावं नोंदवावी लागतात. पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजून लिहून घेतली जातात आणि संध्याकाळच्या आत परत फिरा, असं बजावलं जातं. गडावर मुक्काम करायचा नाही. कल्याण-डोंबिवलीहून शुक्रवारी रात्री गाडी करून निघालेल्या, पहाटे जावळीच्या खोऱ्यात उतरलेल्या मंडळींना हा नियम जाचक वाटतो. राजमाचीला राहता येतं, हरिश्चंद्रगडावर वर्षानुवर्षं तंबू पडत आले, मग इथेच मनाई का? एक कारण असं, की हे कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं आणि या जंगलात अस्वलं आहेत.

कल्याणकरांना अस्वलाची सवय नाही. मलंगगड, चंदेरी, माहुली, गोरखगड या घरच्या डोंगरांवर त्याची गाठ पडत नाही. जुन्या पिढीने अस्वल पाहिलं ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलं, नाकात वेसण घातलेलं, डमरूवर नाचणारं. तो क्रूर खेळ कायद्याने बंद झाला आणि २००९ च्या सुमारास देशातली अखेरची नाचणारी अस्वलंही पुनर्वसन केंद्रात गेली. पण त्या खेळाने एक चुकीचं चित्र मागे ठेवलं: मंद, केसाळ, निरुपद्रवी प्राण्याचं. मेळघाटातल्या किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याभोवतीच्या गावकऱ्याला विचारा. वाघ परवडला, वाघ निदान बाजूला होतो, असं सांगणारी माणसं तिथे भेटतात.

अस्वलाच्या मुलुखात तंबू ठोकण्याचं बरंचसं शास्त्र तयार झालं ते अमेरिकेत, आणि ते शहाणपण आता कल्याण-डोंबिवलीच्या कित्येक घरांत पोचलं आहे. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात, आईबाबा सहा महिन्यांसाठी तिकडे, आणि एका लाँग वीकएंडला योसेमिटी. तिथल्या कॅम्पिंगच्या जागेवर प्रत्येक तंबूसाठी लोखंडी पेटी असते. थेपले, चकली, लोणच्याची बरणी त्या पेटीत जायला हवी हे कुणालाही कळतं. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन आणि डोक्याला लावायचं तेलही त्याच पेटीत ठेवावं लागतं, याचं नवल वाटतं. अस्वलाच्या लेखी वास म्हणजे अन्न. ती वस्तू खाण्याची की दात घासण्याची, हा फरक त्याला नाकाने कळत नाही. पाठीवर सामान घेऊन रानात रात्र काढणाऱ्यांना अन्नासाठी अस्वलाला न उघडणारा जाड डबाच सोबत न्यावा लागतो.

हा कडकपणा अनुभवातून आला. १९९८ मध्ये एकट्या योसेमिटीत काळ्या अस्वलांनी गाड्या फोडल्याच्या आणि तंबू उचकटल्याच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. पेट्या आणि डबे सक्तीचे झाले, गस्त वाढली, आणि पुढच्या वर्षांत हा आकडा नव्वद टक्क्यांहून जास्त खाली आला. अस्वलं तीच होती. त्यांना मिळणारी मेजवानी बंद झाली.

त्याआधीचा धडा फार महाग पडला होता. १२-१३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझली अस्वलांनी उघड्यावर झोपलेल्या दोन तरुणींना मारलं. त्या उद्यानाच्या तोवरच्या इतिहासात ग्रिझलीने माणूस मारल्याची नोंद नव्हती. एका ठिकाणी विश्रामगृहातलं खरकटं रोज रात्री बाहेर टाकलं जाई आणि ते खायला येणारी अस्वलं पाहायला पर्यटक जमत. दुसऱ्या ठिकाणचं अस्वल तो सगळा उन्हाळा छावण्यांमधल्या कचऱ्यावर आणि शिध्यावर घिरट्या घालत होतं. त्यानंतर अमेरिकी उद्यानांनी कचऱ्याचे उघडे ढीग बंद करत आणले. स्वयंपाक एकीकडे, शिधा दुसरीकडे, झोपण्याची जागा या दोन्हींपासून सुमारे शंभर पावलं दूर, ही पद्धत रुळली.

हे सगळं उचलून वासोट्याला किंवा मेळघाटात लावलं, तर मात्र निम्मंच काम होतं. आपलं अस्वल वेगळं आहे.

भारतीय अस्वलाचा मुख्य आहार वाळवी आणि मुंग्या. जांभूळ, करवंद, बोर, उंबर, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुलं आणि मध ही हंगामी चंगळ. वारुळावर बसलेलं अस्वल पाहण्यासारखं असतं. तीन-चार इंच लांबीच्या नख्यांनी ते वारूळ फोडतं, तोंड आत घालून आधी जोराने फुंकर मारून माती उडवतं आणि मग नाकपुड्या मिटून, लांब ओठांची नळी करून वाळवी ओढून घेतं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून किडे थेट घशाकडे जातात. हा फुसफुस-सुर्र आवाज शंभर मीटरच्या पलीकडेही ऐकू येतो. नर सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत भरतो.

असं खाण्यात गढलेलं अस्वल आसपासची चाहूल घेत नाही. नाक तीक्ष्ण, पण नजर आणि कान बेताचेच. वारा उलटा असेल तर माणूस वीस पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा ते दचकतं. दचकलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. अभ्यासक याचं कारण त्याच्या उत्क्रांतीत शोधतात. वाघासोबत एकाच रानात हजारो वर्षं काढलेला हा प्राणी वेगाने पळून सुटण्याच्या घडणीचा नाही, आणि झाडावर चढावं तर बिबट्याही चढतो. वाघासमोर टिकायचं तर मागच्या पायांवर उभं राहून, ओरडून, आधी आपणच तुटून पडायचं, हा त्याचा बचाव. वाघासाठी घडलेला हा बचाव माणसाच्या चेहऱ्यावर पडतो.

मध्य प्रदेशातल्या एका अभ्यासात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यात सापडलेल्या ७३५ माणसांची नोंद आहे. त्यातली ४८ दगावली. बाकीची वाचली, पण किती जणांचा डोळा, नाक, जबडा गेला हे आकड्यात दिसत नाही. यात हौसेने रानात गेलेले फार थोडे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचा सडा पडतो आणि गडचिरोली-गोंदियाकडची माणसं तो वेचायला भल्या पहाटे झाडाखाली जातात. अस्वलही त्याच वेळी, त्याच फुलांसाठी येतं. कुणी कुणाची शिकार करत नसतं. अंधुक उजेडात दोघांची टक्कर होते.

तेव्हा आपल्याकडचा पहिला नियम शिध्याचा नसून आवाजाचा आहे. जंगलात शांत राहा, हा सल्ला पक्षी पाहणाऱ्यांना ठीक. अस्वलाच्या रानात, वळणावर, ओढ्याच्या खळखळाटात, करवंदीच्या जाळीशी येताना बोलत चालावं, खाकरावं, काठी दगडावर आपटावी. गुजरातेत अस्वल-अभ्यासकांनी गावकऱ्यांना घुंगरं लावलेली ‘घंटी काठी’ दिली, ती याचसाठी. मोबाइलचा स्पीकर लावून कानठळ्या बसवण्याची गरज नाही, माणसाचा साधा आवाज पुरतो. कानात इअरफोन घालून पुढे एकट्याने पळणारा गडी हा प्रत्येक गटात असतो; या जंगलात त्याला मागे बोलवावं.

दुसरी गोष्ट गुहांची. सह्याद्रीत भटकणाऱ्याला गुहा दिसली की पथारी पसरायचा मोह होतो. अस्वलही दिवसा कपारीत, गुहेत विसावतं. मादी बहुधा हिवाळ्याच्या सुमारास अशाच बिळात एक-दोन पिलांना जन्म देते आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने त्यांना तिथेच ठेवते; पुढे ती पाठीवर बसवून फिरवते. म्हणजे ट्रेकिंगचा भर हंगाम आणि अस्वलाची बाळंतखोली एकाच वेळी. कोयना, चांदोली, राधानगरीकडे अनोळखी कपारीत टॉर्च मारत शिरणं हे धाडस नाही, वेडेपणा आहे. ताजं उकरलेलं वारूळ, खोडावर नख्यांचे लांब ओरखडे, बिया आणि किड्यांचे पंख दिसणारी काळपट विष्ठा, यातलं काही दिसलं तर तिथे विसावा घेऊ नये.

तरीही समोर आलंच तर? पळू नये, अस्वल माणसाहून वेगाने धावतं आणि झाडावर चढतं. दूर असेल तर त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावं. अंगावर आलंच तर पालथं पडावं, बोटं मानेवर गुंफावी, कोपरांत चेहरा दाबावा, पाठीवरची सॅक तशीच राहू द्यावी. बहुतेक हल्ले काही क्षणांत संपतात, कारण त्याला धोका दूर करायचा असतो, भूक भागवायची नसते. ते निघून गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये.

म्हणजे शिध्याचा नियम आपल्याकडे गैरलागू, असं मात्र नाही. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळच्या चंडीमातेच्या देवळात अस्वलं प्रसाद खायला येतात आणि भाविक त्यांना हाताने भरवतात. त्याच्या चित्रफिती कौतुकाने फिरतात. ग्लेशियरमध्ये काय झालं हे ठाऊक असणाऱ्याने तरी त्या पुढे पाठवू नयेत.

आणि कल्याणच्या आसपास तर हा नियम दुसऱ्याच जनावरासाठी लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसं जखमी झाली आणि कित्येक तासांनी त्याला बेशुद्ध करून नेण्यात आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात एक बिबट्या मॉलच्या आवारात फिरून शेजारच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. माळशेज घाटाच्या वर, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात शेतीच्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे आढळले, आणि त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. याच तालुक्यात भंडारदऱ्याच्या काठी, कळसूबाईच्या पायथ्याशी शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात. बार्बेक्यूची हाडं आणि उरलेला भात तंबूमागे टाकला, की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

बिबट्याच्या बाबतीत घ्यायची खबरदारी अस्वलाच्या नेमकी उलटी. इथे खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. उभा माणूस बिबट्याच्या भक्ष्यात बसत नाही. उकिडवा माणूस आणि लहान मूल मात्र बसतं. रात्री शौचाला एकट्याने अंधारात जाऊ नये, दोघांनी टॉर्च घेऊन बोलत जावं. मुलाला उचलून घ्यावं, पाठ फिरवू नये.

जखम झालीच, मग ती नखाची असो वा दाताची, ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस व गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं. हळद किंवा तंबाखू भरू नये. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये साठवून ठेवावा. घटनेची खबर लवकर दिली, तर पंचनामा होतो आणि नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा राहतो.